दोन गॉर्गन आणि एक ओरखडा

लंडनमध्ये जुन्या नाण्यांच्या तपासणीचे काम करताना माझा बहुतेक वेळ वजनकाटा, सूक्ष्मदर्शक आणि नोंदवही यांच्यातच जातो; मात्र एका वृद्ध गृहस्थांनी पाकिटातून आणलेल्या दोन एट्रुस्कन, म्हणजे रोमच्या उदयापूर्वी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांच्या, चांदीच्या नाण्यांनी माझी अख्खी दुपार खाल्ली.

दोन्ही नाणी पोप्युलोनियाची, म्हणजे एल्बा बेटासमोरच्या किनाऱ्यावर लोखंड गाळून श्रीमंत झालेल्या नगरीची होती. (तिथे लोहमळीचे एवढे ढीग साचले होते की विसाव्या शतकात त्यांतून पुन्हा लोखंड काढण्यात आले आणि खालची एट्रुस्कन थडगी उघडी पडली.) पुढच्या बाजूस जीभ बाहेर काढलेले गॉर्गनचे, म्हणजे ग्रीक पुराणकथांतील सर्पकेशी राक्षसिणीचे मुख आणि हनुवटीखाली दोन फुल्या होत्या, एट्रुस्कन अंकलेखनात एक फुली म्हणजे दहा, म्हणून हे वीस एककांचे नाणे. ग्रीक नगरे नाण्याच्या दोन्ही बाजू चित्रांनी सजवीत असताना या मंडळींनी मूल्याचा आकडा ठळक कोरला आणि मागची बाजू बहुधा कोरीच ठेवली. हा रोखठोकपणा मला मनापासून आवडतो. परंतु त्यामुळे तपासणाऱ्याच्या हाती निम्माच पुरावा उरतो.

या मालिकेतील नाण्यांचे वजन साधारण 8.4 ग्रॅमच्या आसपास असते. पहिले 8.3 ग्रॅम भरले आणि दुसरे 7.9. गॉर्गनच्या डाव्या गालावरची बारीक चीर दोन्हींवर होती, पण त्यात संशयास्पद काही नव्हते, कारण एकाच ठशाने पाडलेल्या नाण्यांवर ठशाची चीर उमटणारच. खटकला तो कोऱ्या पाठीवरचा चंद्रकोरीसारखा ओरखडा, जो दोन्ही नाण्यांवर त्याच जागी, त्याच वळणाचा होता. ओरखडा नाणे पाडल्यानंतर, वापरात किंवा जमिनीत पडतो. तो दोन नाण्यांवर तंतोतंत सारखा असेल, तर निदान एक तरी साच्यात ओतलेले असले पाहिजे.

पहिल्याच्या ओरखड्याच्या कडा धारदार होत्या आणि काठाजवळ घणाच्या दाबाने धातू बाहेर सरकल्याच्या रेषा दिसत होत्या. दुसऱ्याचा ओरखडा गुळगुळीत, पृष्ठभागावर सूक्ष्म बुडबुड्यांचे खळगे आणि कडेला कानस फिरल्याच्या खुणा. विशिष्ट गुरुत्व मोजले, तेही चांदीच्या 10.5 पेक्षा बरेच कमी निघाले.

मी गृहस्थांना दुसरे नाणे बनावट असल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "मग पहिले विकता येईल ना?" ते अस्सल असल्याची मला खात्री होती, परंतु ते 1970 पूर्वी, म्हणजे प्राचीन वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार होण्याआधी, इटलीबाहेर आल्याचा एकही कागद त्यांच्यापाशी नव्हता. म्हणून घरातली जुनी पत्रे आणि खरेदीच्या पावत्या शोधून आणण्यास सांगून मी दोन्ही नाणी त्यांना परत केली.