‘पूर्ण मॉडेल नंबर सांगता का?’

गेम खेळण्यासाठी एक तयार पीसी निवडला होता आणि पैसे भरण्याच्या अगदी बेतात होते मी. जाहिरातीत लिहिलं होतं: आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १ टीबी स्टोरेज, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, आणि किंमत माझ्या बजेटच्या बरीच आत. कॅबिनेटला दिवेही छान होते. भाचीला फोटो पाठवला. ती माझ्यापेक्षा कितीतरी जास्त गेम खेळते, खूश होईल असं वाटलं होतं. तिचा प्रश्न आला, "मावशी, आय७ म्हणजे कुठला आय७?"

"कुठला म्हणजे? आय७."

"अगं, नंबर विचार त्यांना. आणि ग्राफिक्स कार्डचं नाव विचार. नुसते जीबी ऐकून घेऊ नकोस."

विचारलं. उत्तर यायला एक दिवस लागला. प्रोसेसर आय७-४७७० निघाला, म्हणजे २०१३ सालचा. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत, थोडे अपवाद सोडले तर, इंटेलचे आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर बसतात, हा चौथ्या पिढीचा. आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला. ग्राफिक्स कार्ड होतं जीटी ७३०, २०१४ सालचं, तेही जुन्या डीडीआर३ मेमरीचं. त्या कार्डावर ४ जीबी मेमरी खरोखरच होती. पण मेमरी म्हणजे सामान ठेवायची जागा. काम करणारे हात वेगळे, आणि ते या कार्डाला फारच थोडे होते.

जाहिरातीत एकही शब्द खोटा नव्हता, हे मला सगळ्यात जास्त लागलं. ज्यावर सगळं अवलंबून, तेवढंच लिहायचं राहिलं होतं. त्यानंतरचे जवळजवळ दोन महिने मी प्रत्येक विकणाऱ्याला पहिला प्रश्न एकच विचारला: "प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल नंबर सांगता का?" ज्यांनी सांगितला नाही, त्यांचं नाव खोडून टाकलं.

सुटे भाग आणून स्वतः का जोडला नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. जोडता आला असता, थोडे पैसेही वाचले असते. पण काही बिघडलं तर दोष मदरबोर्डाचा, रॅमचा की एसएमपीएसचा (वीज पुरवणाऱ्या डब्याचा), हे शोधायला दुसरे सुटे भाग हाताशी लागतात. ते माझ्याकडे नव्हते. पूर्ण मशीनला एकच वॉरंटी आणि फोन करायला एकच माणूस, एवढ्यासाठी मी थोडे जास्त मोजायला तयार होते.

यादी करण्याआधी भाचीने मला एक गोष्ट ठरवायला लावली: कुठल्या मॉनिटरवर खेळणार? माझा जुना मॉनिटर १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झचा. तो बदलायचा नाही असं ठरलं, आणि अर्धं कोडं तिथेच सुटलं. १०८०पीच्या एका चित्रात सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, १४४०पीमध्ये ३६.९ लाख आणि ४के मध्ये ८२.९ लाख. कार्डाला हे ठिपके दर सेकंदाला अनेकदा रंगवायचे असतात. शिवाय ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रंच दाखवू शकतो. मला कथा असलेले मोठे गेम खेळायचे होते, स्पर्धेत उतरायचं नव्हतं. म्हणून माझी मागणी अशी झाली: १०८०पी, मध्यम ते हाय सेटिंग, ६० एफपीएस (म्हणजे सेकंदाला ६० चित्रं), न अडखळता. हे एक वाक्य लिहून ठेवल्यावर "थोडे अजून घाला, १४४०पी मिळेल" या आग्रहाला उत्तर देणं सोपं गेलं.

सगळ्यात जास्त वेळ ग्राफिक्स कार्डाने खाल्ला, आणि तो द्यायलाच हवा होता. तिथे नावंच फसवी आहेत. आरटीएक्स ३०५० हे नाव मला चार-पाच मशीनवर दिसलं. मी सगळी एकाच रांगेत मांडून किमती ताडत बसले होते. मग कळलं, की या नावाची दोन वेगळी कार्डं बाजारात आहेत. २०२२ साली आलेलं ८ जीबीचं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं. फरक फक्त दोन जीबीचा असता तर चाललं असतं. पण नव्यात काम करणारे गाभे (कोर) २५६० वरून २३०४ वर आलेत आणि मेमरीकडे जाणारा रस्ता १२८ बिटवरून ९६ बिटवर. वीज १३० वॅटऐवजी ७० वॅट. वेगळी पॉवर केबल लावायला जागा नसलेल्या लहान मशीनमध्ये ते ६ जीबीचं कार्ड उपयोगी आहे, हे खरं. पण मला ८ जीबीच्या भावात ६ जीबीचं सांगितलं जात होतं, आणि जाहिरातीत दोन्हीकडे नुसतं "आरटीएक्स ३०५०". आरटीएक्स ३०६० चंही तसंच. १२ जीबीच्या कार्डाचा रस्ता १९२ बिटचा, नंतर आलेल्या ८ जीबीच्या कार्डाचा १२८ बिटचा. नाव तेच.

एका मशीनवर तर मी जवळजवळ शिक्का मारला होता. प्रोसेसर रायझन ५ ५५०० आणि कार्ड आरएक्स ६५०० एक्सटी. दोन्ही नावं बरी वाटली, किंमत चांगली. भाचीने फोन केला आणि म्हणाली, "ही जोडी नको गं." कारण ऐकल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की भाग एकेकटे बघून चालत नाही. त्या आरएक्स ६५०० एक्सटीवर मेमरी फक्त ४ जीबी. नवे गेम ती भरून टाकतात, आणि मग कार्डाला उरलेला माल मुख्य रॅममधून आणावा लागतो. तो येतो पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं त्याच्या वाटेने. बहुतेक कार्डांना या वाटेचे आठ किंवा सोळा पदर मिळतात, याला चारच. वाट चौथ्या पिढीची असेल तर निभावतं, पण रायझन ५ ५५०० हा प्रोसेसर तिसऱ्या पिढीपर्यंतच जातो. म्हणजे चार पदर, आणि त्यांचाही वेग निम्मा. दोन स्वस्त भागांनी एकमेकांना आणखी खाली ओढलं होतं.

शेवटी कार्डांत दोनच नावं उरली: आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ६६००. दोन्ही ८ जीबीची, दोन्ही १२८ बिटची. पहिलं जास्त वेगवान, त्यात डीएलएसएस (कमी ठिपक्यांचं चित्र एआयने मोठं करून एफपीएस वाढवायची सोय) आहे, आणि ११५ वॅटमध्ये काम करतं. दुसरं २०२१ सालचं, १३२ वॅटचं. पैसे असते तर मी ४०६० घेतलं असतं, यात मला शंका नाही. पण ते घेतलं की त्याच रकमेत बाकी सगळं ढासळत होतं: ५१२ जीबीची एसएसडी, रॅमची एकच स्टिक, नाव नसलेला एसएमपीएस. १०८०पी आणि ६० एफपीएस या माझ्या मागणीला ६६०० पुरत होतं.

प्रोसेसरवर मी तेवढी अडले नाही. आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६००, दोघांनाही सहा कोर, बारा थ्रेड, आणि या दर्जाच्या कार्डाला दोन्ही भरपूर झाले. ५६०० आणि ५५०० यांत मात्र नुसता नावातल्या आकड्याचा फरक समजू नये. पहिल्यात ३२ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे, दुसऱ्यात १६. मी ५६०० कडे झुकले, कारण त्याच एएम४ सॉकेटमध्ये (मदरबोर्डावरच्या प्रोसेसरच्या जागेत) पुढे रायझन ७ ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी बसतो. एएम४ हे जुनं होत चाललेलं घराणं आहे, हे मला माहीत होतं. पण एएम५ घ्यायचं तर डीडीआर५ रॅम आणि नवा बोर्ड, दोन्हींचा भार माझ्या बजेटवर पडत होता.

एसएमपीएसबद्दल विचारलं की फोनवरचा आवाज बदलायचा. "मॅडम, ५०० वॅटचा आहे, काही काळजी करू नका." कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल? "चांगल्या कंपनीचा आहे." एकाने तर सांगितलं की हा प्रश्न कोणी विचारतच नाही. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. सगळ्या मशीनला वीज इथूनच जाते, आणि हा बिघडला तर सोबत इतर भागही घेऊन जाऊ शकतो. ८० प्लस ब्रॉन्झचा शिक्का फक्त किती वीज वाया जात नाही ते सांगतो, आतली बांधणी कशी आहे ते सांगत नाही. म्हणून मॉडेल नंबर हवाच. गणित सोपं होतं: कार्ड १३२ वॅट, प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला, बाकीचे भाग थोडे. चांगला ५५० वॅटचा मला निवांत पुरत होता, नाव नसलेल्या ७०० वॅटची गरज नव्हती.

याच फेरीत एका मोठ्या ब्रँडचं मशीनही बाद झालं. दिसायला नीटनेटकं, वॉरंटी उत्तम. पण त्याचा एसएमपीएस आणि मदरबोर्ड दोन्ही त्यांच्याच खास मापाचे. उद्या मोठं कार्ड घालायचं म्हटलं तर बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसणार नाही. मर्यादित पैशात घेतलेलं मशीन पुढे थोडं थोडं वाढवायचं असतं. तो रस्ताच तिथे बंद होता.

उरलेल्या तीन मशीनसाठी मी एक संध्याकाळ घालवली. प्रत्येकातल्या प्रत्येक भागाची सुटी किंमत शोधून कागदावर बेरीज केली. दिवे, काच आणि जोडणी यांचे कोण किती घेतंय ते त्यातून स्वच्छ दिसलं. सगळ्यात देखण्या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्डाचा वाटा एकूण किमतीच्या पाव भागाच्याही खाली होता. समोरून पूर्ण काच, हवा आत यायला जागा अरुंद. मी निवडलं त्यात कार्डाचा वाटा तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडा जास्त होता आणि कॅबिनेटला पुढे जाळी. रायझन ५ ५६००, आरएक्स ६६००, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, नाव-गाव असलेला ५५० वॅटचा एसएमपीएस.

रॅमवरून मात्र थोडी घासाघीस झाली. त्यांच्या यादीत १६ जीबीची एकच स्टिक होती. मी ८-८ च्या दोन मागितल्या. एका स्टिकला मेमरीचा एकच चॅनेल मिळतो. डीडीआर४ ३२०० ला तो सेकंदाला २५.६ जीबी वाहतो. दोन स्टिक दोन चॅनेलवर असल्या की ५१.२. ते तयार झाले, किरकोळ फरक घेऊन. बिलावर प्रत्येक भागाचा पूर्ण नंबर लिहून द्या, असंही सांगितलं, आणि त्यांनी दिला.

खोकं आलं त्या दिवशी भाची मुद्दाम येऊन बसली. उघडताना व्हिडिओ केला. वायर लावायच्या आधी तिने बाजूची काच काढायला लावली, आणि बरं झालं. प्रवासात कार्ड हलू नये म्हणून आत फोमचा मोठा तुकडा भरला होता. तसंच चालू केलं असतं तर पंखे त्यात अडकले असते. मॉनिटरची केबल तिने माझ्या हातातून घेऊन ग्राफिक्स कार्डाला लावली. मी ती मदरबोर्डाच्या पोर्टला लावायला निघाले होते, आणि ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नसल्यामुळे तिथे चित्र आलंच नसतं.

मशीन चालू झालं, गेम उघडला, सरासरी ६० च्या वर. तरी गर्दीच्या जागी चित्र मध्येच अडखळायचं. टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर रॅमचा वेग २१३३. सीपीयू-झेडमध्ये चॅनेलही एकच दिसत होता. काच पुन्हा काढली. चार स्लॉटपैकी दोन्ही स्टिक शेजारी शेजारी, पहिल्या आणि दुसऱ्यात लावलेल्या. या बोर्डावर ते दोन्ही स्लॉट एकाच चॅनेलचे होते. मागून घेतलेल्या दोन स्टिक असूनही काम एकीसारखंच चाललं होतं. मला खूप राग आला. पण आधी फोन करून विचारलं, मी स्वतः हलवल्या तर वॉरंटी राहील का? त्यांनी मेसेजवर होकार लिहून दिला, चूकही मान्य केली. तो मेसेज जपून ठेवला. मग वीज बंद करून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून, बोर्डाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये दोन्ही बसवल्या. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केली. ३२००, दोन चॅनेल. त्याच गर्दीच्या बाजारातून पुन्हा चालत गेले आणि ते अडखळणं गेलं होतं.

पुढचे आठ दिवस, म्हणजे परत करायची मुदत होती तोवर, मी मशीनला मुद्दाम दमवलं. रोज दोन-अडीच तास सलग जड गेम, शेजारी एचडब्ल्यूइन्फोवर तापमान. एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये बघितली, वापराचे तास नव्यासारखेच होते. जीपीयू-झेडमधलं कार्डाचं नाव बिलाशी ताडलं. सगळं जुळलं. आठव्या दिवशी खोकं घडी करून ठेवलं, वॉरंटी संपेपर्यंत फेकायचं नाही.

आता टेक्स्चर हायवर आहेत, सावल्या मध्यम, एफपीएस ६० वर बांधलेले. एसएसडी लावायचा एकच रिकामा एम.२ स्लॉट राहिलाय, त्यात पुढच्या वर्षी दुसरी एसएसडी घालणार आहे. तिचा पूर्ण मॉडेल नंबर भाचीने आत्ताच लिहून दिला आहे.