एवढी मोठी फाईल कशाला?

जुन्या नाशकातला एखादा वाडा उतरवायला निघाला की माळ्यावरून रेकॉर्डची पेटी खाली येते आणि कुणीतरी ती गाणी संगणकावर उतरवून घ्यायला माझ्याकडे घेऊन येतं. बहुतेकांचा प्रश्न ठरलेला: "एमपीथ्री करून दिलंत तरी चालेल की, एवढी मोठी फ्लॅक फाईल कशाला?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो. फ्लॅक म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता साठवणारा फाईलचा प्रकार.

बऱ्याच वर्षांपूर्वी पंचवटीतल्या एका काकूंनी वडिलांची ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, एक जुनी तबकडी आणली होती. एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटांचं नाट्यपद. मी १२८ केबीपीएसची, म्हणजे बरीच दाबलेली, एमपीथ्री केली, सॉफ्टवेअरने खरखर पार घालवली आणि डिस्कवर जागा हवी म्हणून मूळ ध्वनिमुद्रण पुसून टाकलं. पुढे घर बदलताना ती तबकडी पडून फुटली. लाखेचीच ती, काचेसारखी फुटते. काकूंनी फोन करून विचारलं, "आवाज बंद खोलीतून आल्यासारखा का येतो हो?" खरखरीबरोबर मी 'स' आणि 'श'सुद्धा काढले होते. ते परत आणायला आता काहीच उरलं नव्हतं. तो फोन अजून आठवतो.

एमपीथ्री लहान होते ती कानाला जाणवणार नाही असं तिला वाटतं ते टाकून देऊन. कमी बिटरेटला, म्हणजे फाईल फार दाबली की, तबल्याच्या 'ना'ची धार बोथट होते, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, पुसट होते. फ्लॅकमध्ये काहीच टाकलं जात नाही. कपड्यांची घट्ट घडी घालावी तसं आहे, उलगडली की सगळं जसंच्या तसं. २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झची स्टिरिओ वेव्ह फाईल, म्हणजे न दाबलेलं ध्वनिमुद्रण, मिनिटाला सुमारे ३५ एमबी घेते, म्हणजे एलपीची (जास्त वेळ वाजणाऱ्या नंतरच्या रेकॉर्डची) वीस मिनिटांची बाजू ७०० एमबीच्या घरात. फ्लॅकमध्ये ती बरीच आटोपशीर होते आणि गायक, राग, वर्ष ही माहितीही तिच्यातच राहते. फ्लॅक २००१ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. व्हॉट्सॲपवर पाठवायला एमपीथ्री हवी? फ्लॅकवरून केव्हाही करून देतो. उलटं जमत नाही.

पण फाईलच्या आधी सुई. ७८ ची खाच रुंद असते; तिच्यात एलपीची बारीक सुई तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त उचलते. तिची सुई वेगळीच लागते. आणि कृपा करून ७८ ची तबकडी स्पिरिटने पुसू नका, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते! आवाजाची पातळीही मी मुद्दाम कमी ठेवतो, सर्वांत मोठा स्वर डिजिटलच्या कमाल मर्यादेखाली सहा डेसिबलच्या आसपास. डिजिटलमध्ये वरचं टोक एकदा कापलं गेलं की गेलं.

शास्त्रीय गायक द. वि. पलुसकर १९२१ मध्ये आपल्या नाशिकला जन्मले आणि १९५५ मध्ये गेले. जेमतेम चौतीस वर्षांचं आयुष्य. त्यांचा गळा माझ्या पिढीपर्यंत पोचला तो कुणीतरी ध्वनिमुद्रणं जपली म्हणूनच.

म्हणून आता न पुसलेली, खरखरीसकटची फ्लॅक मी दोन डिस्कवर ठेवतो आणि साफसफाई तिच्या प्रतीवर करतो. तुम्ही येताना रेकॉर्ड्स उभ्या आणा, एकावर एक रचू नका. फाटकी असली तरी कव्हरंही आणा, पुष्कळदा साथीदारांची नावं तिथेच सापडतात.