९ ला सुटलं, ९.२० ला पोचलं

अ‍ॅमस्टरडॅमच्या शिपोल विमानतळावरून लंडनच्या हीथ्रोचं तिकीट पहिल्यांदा हातात आलं तेव्हा वाटलं छपाईत घोळ झालाय. सुटायची वेळ ९, पोचायची ९.२०. मग लक्षात आलं की लंडनचं घड्याळ अ‍ॅमस्टरडॅमच्या एक तास मागे, म्हणजे खरा प्रवास १ तास २० मिनिटांचा. लंडनहून अ‍ॅमस्टरडॅमला जाताना उलटं, ९ ला निघालं की ११.२० वाजतात आणि उगाच सकाळ वाया गेल्यासारखं वाटतं.

आता गंमत बघा, दोन्ही विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर जेमतेम ३७० किलोमीटर, म्हणजे साधारण २०० नॉटिकल मैल. एवढ्याला जेट विमानाला हवेत पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं लागतात. मग उरलेला अर्धा तास जातो कुठे? तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते, ती काही चाकं उचलल्यापासून मोजत नाहीत, आणि हे दोन विमानतळ तर जमिनीवरच वेळ खाण्यात पटाईत.

शिपोलची (डच लोक स्खिपोल म्हणतात, मला अजून जमत नाही) पोल्डरबान नावाची धावपट्टी आहे, २००३ पासून वापरात. टर्मिनलपासून इतकी लांब की विमान उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटं नुसतं रांगत राहतं, वाटेत चक्क हायवेवरचा पूल ओलांडतं आणि खालून गाड्या जात असतात. पहिल्यांदा मला वाटलं वाट चुकलं. आणि हे सगळं समुद्रसपाटीपेक्षा तीनेक मीटर खाली, कारण इथे आधी हार्लेममेर नावाचं मोठं तळं होतं, ते वाफेच्या पंपांनी उपसून १८५२ मध्ये कोरडं केलं. (नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. निव्वळ योगायोग, पण तेव्हापासून मला दोन्ही आकडे पाठ आहेत.)

हीथ्रोची तऱ्हा वेगळी. धावपट्ट्या दोनच आणि गर्दी प्रचंड, त्यामुळे गर्दीच्या वेळी येणारी विमानं चार ठराविक ठिकाणी एकावर एक हजार-हजार फुटांच्या अंतराने घिरट्या घालत थांबतात. आमच्या वाट्याला बहुतेक वेळा लॅम्बोर्न येतं, लंडनच्या ईशान्येला. एक फेरी साधारण चार मिनिटांची. कंपन्यांना हे माहीत असतं, म्हणून वेळापत्रकातच थोडी ढील ठेवतात, आणि घिरट्या नाही घालाव्या लागल्या की पायलट ऐटीत सांगतो की आपण लवकर पोचलोय.

घरापासून घरापर्यंत मोजलं तर अजूनच मजा. दोन तास आधी जा, सिक्युरिटी, पासपोर्टची रांग (ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, कधीच नव्हतं, त्यामुळे ती सुटत नाहीच), मग शहरात जायची ट्रेन. शिपोलचं स्टेशन टर्मिनलच्या खालीच आहे आणि अ‍ॅमस्टरडॅम सेंट्राल पंधरा-सतरा मिनिटांवर, ते एक बरं. तरी सगळं मिळून पाच तास सहज जातात. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून अ‍ॅमस्टरडॅमला थेट युरोस्टार ट्रेन चारेक तास घेते, तिथेही चेक-इनला आधी जावं लागतं, पण उतरलात की थेट शहराच्या मधोमध. माझ्या हिशोबात बरोबरी.

गेल्या वेळी विमानानेच आलो. घड्याळात ९.२० झाले तेव्हा खिडकीतून तेच शेत तिसऱ्यांदा दिसत होतं, आणि शेजारचे काका पायलटने काही सांगायच्या आधीच बूट काढून परत झोपले.