कव्हरखालची मर्सिडीज

जुनी गाडी घेण्याआधी तपासून देणं हे माझं काम. हे गिऱ्हाईक डिचोलीचं. फोनवर पहिलंच वाक्य, "अडतीस हजारच किलोमीटर चाललीय, एकच मालक." हे ऐकलं की मी आधी टॉर्च चार्ज करायला लावतो. गोव्यात समुद्राजवळ वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी रोज म्हापसा-पणजी करणाऱ्या गाडीपेक्षा जास्त कुजते. चालत्या गाडीचं पोट पावसात धुतलं जातं, मग वाळतं. उभ्या गाडीवर खारी हवा बसत राहते, मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि सांध्यांतला पत्रा कोरडा म्हणून होत नाही. पण लोक मीटर बघतात.

गाडी मोरजीला, एका बंगल्यात. मालक मुंबईला, नाताळात तेवढे येतात. सांभाळणारे ड्रायव्हरकाका पेडण्याकडचे. त्यांनी कव्हर काढलं आणि मीही क्षणभर गप्प झालो. २००० सालची मर्सिडीज ई-क्लास, डब्ल्यू २१० या पिढीची. लेदरला चीर नाही, क्रोमवर डाग नाही.

दारांच्या खालच्या कडा, निचऱ्याची भोकं, स्टेपनीचा खड्डा, कार्पेटखालची ओल हे भराभर उरकलं. रंगाची जाडी मोजायला मीटर वापरतो. पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरलीय का बघायला खिशात चुंबक घेऊन फिरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की हिच्यानंतर आलेल्या डब्ल्यू २११ ला बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे आहेत. तिथं चुंबक कधीच चिकटणार नाही.

या मॉडेलचं खरं दुखणं पुढच्या चाकांच्या वर असतं. स्प्रिंगचं वरचं टोक ज्या वाटीत बसतं, ती वाटी आतल्या पत्र्याला स्पॉट वेल्डने जोडलेली असते आणि सांध्यावर सीलंट फासलेलं असतं. सीलंटला बारीक तडा गेला की पाणी आत शिरतं. बाहेरून सगळं ठीक दिसतं, आत पत्रा पापुद्र्यांनी सुटत जातो. एक दिवस वाटी उपटते आणि गाडीचा तो कोपरा खाली बसतो. ऑनलाइन विक्रीवाल्यांच्या तपासणीच्या लांबलचक याद्यांत ही जागा मला कधी दिसलेली नाही. चाक काढायचे कष्ट कोण घेणार!

लिफ्टवर घेतली तर पोटाला ताजं काळं कोटिंग. माझ्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्याची गाडी विचारल्याशिवाय खरवडायची नाही हा माझा नियम, म्हणून मालकांना फोन लावला. ते म्हणाले, "खरवडा की, लपवायचंय काय?" डाव्या बाजूचं सीलंट फुगलेलं होतं. स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटली तर आवाज भद्द. टोक लावलं तर ते आत गेलं. उजवीकडे आवाज बरा होता, पण सीलंटची कड सुटायला लागलेली.

काका शेजारीच उभे. कोटिंग त्यांनीच मारून घेतलं होतं, स्वतःच्या पैशांनी. गाडी रोज धुवायचे, बंगल्यातल्या विहिरीच्या पाण्याने. ते पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. वर अख्खा पावसाळा प्लास्टिकचं कव्हर, त्यात ओल कोंडलेली. त्यांनी विचारलं, "बाब, कव्हर घालायचं नव्हतं काय?"

मी म्हटलं, "काका, कापडी चाललं असतं." धुण्याच्या पाण्याबद्दल बोललो नाही. मालक फोनवर होते, आणि ऐकून ते काकांनाच बोलले असते. रिपोर्टात कोटिंगबद्दल काय लिहायचं यावर मी बराच वेळ अडलो. "गंज लपवण्यासाठी" हे शब्द गिऱ्हाइकाला हवे होते, भाव पाडायला. मी "गंजावर नवीन कोटिंग" एवढंच लिहिलं. तेवढंच मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

भाव पडायचा तो पडलाच, आणि गाडी डिचोलीला गेली. आता नवा मालक म्हणतो, डावी वाटी बदलू, उजवी पुढच्या वर्षी बघू. दोन्ही एकदम करा, तोवर घाटात नेऊ नका, हे मी त्याला लेखी पाठवलंय. निळ्या टिका दिसतात, उत्तर नाही.