नुरा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून प्लेस्टेशन टू खाली आला. सोबत दोन रिमोट. कंट्रोलर हा शब्द आमच्या तोंडी कधी बसलाच नाही, ते रिमोटच. त्यातल्या एकाची डावी काडी आपोआप वर ढकललेली, त्यामुळे गेममधला गडी कारण नसताना रिंगच्या दोरांकडे चालत जातो. आणि एक डीव्हीडी, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली, वर मार्करने नुसतं 'रेसलिंग'. ओरिजिनल नव्हती हे सांगायला नकोच.

नव्या टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची भोकंच नाहीत. बाजारातून एक डबी आणली, त्यातून चित्र आलं. काचेला व्हॅसलीन फासल्यासारखं दिसत होतं, पण आलं.

गेमचं पूर्ण नाव 'स्मॅकडाउन! हिअर कम्स द पेन'. २००३ सालचा, जपानच्या यूक्स कंपनीने बनवलेला, मुखपृष्ठावर ब्रॉक लेस्नर हा पैलवान. त्याआधीच्या वर्षीच डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन रेसलिंग कंपनीची डब्ल्यूडब्ल्यूई झाली होती, कारण 'डब्ल्यूडब्ल्यूएफ' या अक्षरांवर पांडावाल्या निसर्गसंस्थेने कोर्टात हक्क सांगितला होता. आम्ही अर्थातच पुढची दहा वर्षं 'डब्ल्यूडब्ल्यूएफ'च म्हणत राहिलो. या गेमची खुबी म्हणजे पडद्यावर दिसणारा तो छोटा माणूस: डोकं, धड, हात, पाय वेगवेगळे. मार बसेल तसा त्या त्या भागाचा रंग बदलत जातो. पाय लाल झाला की गडी पाय धरून विव्हळायला लागतो. दुसरी खुबी कुणी सांगत नाही, ती म्हणजे यात कॉमेंट्रीच नाही. फक्त लोकांचा गलका आणि आपटल्याचे आवाज. आमच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ही उणीव कधी जाणवली नाही, कारण दोघं खेळायचे आणि मागे उभे असलेले सहा जण बोलायचे.

साताऱ्यात बसस्टँडमागच्या गल्लीत ते पार्लर होतं. तासाला वीस रुपये, शटर अर्धं खाली, आत चार टीव्ही आणि घामाचा वास. नियम आमचे आम्हीच केलेले. लेस्नर घ्यायचा नाही, घेतला तर समोरच्यालाही घेऊ द्यायचा. खुर्चीने मारायचं एकदाच. समोरच्याच्या रिमोटची वायर ओढली तर तासाचे पैसे ओढणाऱ्याने भरायचे. पण सगळ्यात मोठा प्रश्न भारनियमनाचा. पाठ टेकलीय, पंचाने दोन मोजलेत, आणि लाइट गेली. आता जिंकलं कोण? अंधारात कॉलर धरण्यापर्यंत मजल जायची. शेवटी मालक मेणबत्ती लावता लावता निकाल द्यायचा, "कुस्ती बरोबरीत सोडवली. चला, पैसे काढा."

अंडरटेकर नावाच्या पैलवानावरचे वाद वेगळे. त्याचे सात जन्म आहेत, तो मेलेला आहे, वगैरे. एकाचं पक्कं म्हणणं होतं की अक्षयकुमारने त्याला सिनेमात उचलून आपटलंय, म्हणजे तो एवढा काही भारी नाही. पुष्कळ वर्षांनी कळलं की १९९६ च्या त्या 'खिलाडियों का खिलाडी'त अंडरटेकर म्हणून उभा होता तो ब्रायन ली नावाचा दुसराच पैलवान. आणि हाच ब्रायन ली १९९४ मध्ये खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये तोतया अंडरटेकर होऊन खऱ्या अंडरटेकरशी लढला होता. तोतयेगिरी त्याची नोकरीच होती म्हणायची.

आमचे आजोबा कोल्हापूरकडचे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलेल्या खासबागच्या मैदानात, कुठूनही बसलं तरी पैलवानाची पाठ दिसते, हे ते स्वतः बांधल्यासारखं सांगायचे. टेन स्पोर्ट्सवर आमचं रेसलिंग लागलं की पेपरच्या आडून एकच शब्द यायचा: "नुरा."

नुरा कुस्ती म्हणजे आधी ठरवून केलेली. दोघं पैलवान आत काय ते ठरवून येणार, घाम गाळल्यासारखं करणार, आणि बाहेर लोक फेटे उडवणार. आता हा शब्द राजकारणाच्या बातम्यांतच जास्त सापडतो, पण आजोबांच्या तोंडात ती शिवी होती. मी चिडायचो. टाके पडतात, रक्त येतं, ते काय खोटं? ते म्हणायचे, "लागतं ते खरं रे. निकाल खोटा."

दहावीच्या सुट्टीत प्लेस्टेशन घरी आला. एका दुपारी मी आणि चुलतभाऊ खेळत होतो, आजोबा मागे खुर्चीत. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "ह्यात कोण जिंकायचं ते आधी ठरलेलं असतं का?"

"नाही. जो नीट खेळेल तो."

"मग ही निकाली झाली," म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून घेतली. त्यानंतर ते मागून सूचना द्यायला लागले. "पट काढ त्याचा, पट!" म्हणजे पाय धरून पाड. आता पट काढायचं बटण कुठलं हे मी त्यांना काय सांगणार? पण त्यांचं बरोबर होतं. टीव्हीवर जे सगळं ठरवून चालतं, तेच या डबड्यात शिरलं की खरोखरीची कुस्ती होते, हे वर्षानुवर्षं बघणाऱ्या माझ्या लक्षात आलं नव्हतं.

असो. आता माझी लेक नऊ वर्षांची. तिने मुखवटा बघून रे मिस्टेरिओ निवडला, मी बिग शो. निवडीच्या पडद्यावर जाताना एडी गरेरोवर थोडा थांबलो. २००५ मध्ये गेला, अडतीस वर्षांचा. इथे अजून मिशीतल्या मिशीत हसतोय.

पहिली कुस्ती मी तिला द्यायचं ठरवलं. आणि तेव्हा कळलं की नीट हरणं महाकठीण. नुसतं उभं राहिलं तर लगेच कळतं. थोडं मारायचं, मग चुकायचं, चुकणं चुकल्यासारखं दिसलं पाहिजे. तिचा डाव येताना तो उलटवायचं बटण, आर टू, उशिरा दाबायचं, पण दाबायचं. पाठ टेकल्यावर सुटायला बटणं बडवावी लागतात, त्यांचा खडखडाट तिला ऐकू जातो, म्हणून मी अंगठा एकाच निरुपयोगी बटणावर आपटत राहिलो. तीनपर्यंत मोजून झालं. मी कपाळावर हात मारला. आजोबांनी ज्यांना जन्मभर नावं ठेवली, त्या पैलवानांबद्दल मला एकदम आदर वाटला. रोज रात्री, हजारो लोकांसमोर, हे करायचं म्हणजे काय.

"तू मुद्दाम हरलास," लेक म्हणाली.

"छे!"

"तू एकच बटण दाबत होतास. मी बघितलं."

दुसरी खरी खेळलो. दोन मिनिटांत तिचा मिस्टेरिओ आडवा. ती रडली नाही, फक्त म्हणाली, "परत." वाकड्या काडीचा रिमोट तिने माझ्या हातात दिला आणि लेस्नर घेतला. आमचा नियम तिला माहीत असायचं कारण नव्हतं.

तिसऱ्या खेपेला माझा बिग शो आपोआप दोरांकडे चालत गेला. मी त्याला ओढून आणेपर्यंत तिने खुर्ची आणली होती. एकदा, दोनदा. छोट्या माणसाचं डोकं लाल. मग तिने कुठलं तरी बटण दाबलं, ते नेमकं हुकमी डावाचं एल वन निघालं. लेस्नरने बिग शोला खांद्यावर घेतलं, गरकन फिरवलं आणि आपटलं. एक. मी सगळी बटणं जिवाच्या आकांताने बडवत होतो. दोन. आमच्या रिमोटचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. तीन.

मी खरोखर हरलो होतो. ती टीव्हीकडे बघतच नव्हती, माझ्या अंगठ्याकडे संशयाने बघत होती.

"परत मुद्दाम," ती म्हणाली, आणि रिमोट सोफ्यावर टाकून जेवायला निघून गेली.