आमची वाटचाल : पट्टी आता मोबाइलवर जाते

सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, जिन्याखालच्या खोलीत, १९९४ साली मी आणि मेव्हण्याने मिळून हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा धंदा सुरू केला. एक ३८६ मशीन, फॉक्सप्रो २.६ हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर आणि ८० कॉलमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर एवढंच भांडवल. मेव्हणा दोन वर्षांत बँकेत चिकटला. तोच शहाणा निघाला, असं घरात अजून ऐकवतात.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातले, कांदा-बटाटा विभागातले आडते शेठ. त्यांना पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा मालविक्रीचा हिशेब, मराठीतच हवी होती. "शेतकरी इंग्रजी पट्टीचं काय करणार? देव्हाऱ्यात ठेवणार?" म्हणून सी-डॅक या सरकारी संस्थेचं, पडद्यावर मराठी दाखवणारं जिस्ट कार्ड आणलं. मशीन उघडून कार्ड स्लॉटमध्ये दाबून बसवायचं, आणि डॉसच्या काळ्या पडद्यावर डाग (पोती), वजन, हमाली, तोलाई, वाराई, उचल अशी अक्षरं उमटायची. पहिली पट्टी करकरत बाहेर आली तेव्हा शेठनी ती फाडून घेतली आणि आधी खालची बेरीज बोटांवर करून पाहिली. बरोबर निघाली. तेव्हापासून शेठ आमचे.

१९९६ ते २०१४ धंदा बरा चालला. गिऱ्हाइकं साठच्या वर गेली. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते 'आमच्या पोरा'बद्दल. नाव घेत नाही. कॉलेजातून थेट माझ्याकडे आला, इंडेक्स बिघडला तर काय करायचं इथपासून मी शिकवला, चार वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लं. जानेवारी २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रो ९, म्हणजे फॉक्सप्रोच्या शेवटच्या आवृत्तीचा सपोर्ट बंद केला. पुढची आवृत्ती निघणार नाही हे तर २००७ मध्येच जाहीर झालं होतं, त्यामुळे मला काही नवल नव्हतं. पण पोराने त्या सूचनेची प्रिंट काढली, लॅमिनेट केली आणि यार्डात गाळ्यागाळ्यावर दाखवत फिरला. "सरांचं सॉफ्टवेअर मेलंय, एक दिवस डेटा जाईल." सोबत त्याचं स्वतःचं क्लाउडवालं पॅकेज. दोन वर्षांत माझी सतरा गिऱ्हाइकं उरली. खोलीचं भाडं बायकोच्या पगारातून जायला लागलं.

डेटा कुणाचा गेला? एकाचाही नाही. फॉक्सप्रो डेटा ज्यात ठेवतो ती डीबीएफ फाइल इतकी साधी असते की पहिल्या ३२ बाइटमध्ये तिची कुंडली आणि पुढे प्रत्येक फील्डला ३२ बाइट. आजही कुणीही उघडू शकतो. जुलै २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, आडत (आडत्याचं कमिशन) शेतकऱ्याच्या पट्टीतून निघून खरेदीदाराकडे गेली. तो बदल मी त्याच संध्याकाळी करून दिला. पोराच्या गिऱ्हाइकांना आठवडा थांबावं लागलं. पण हे कोण लक्षात ठेवतो?

खरी अडचण डेटाची नव्हतीच, कागदाची होती. २०१७ च्या दिवाळीनंतर शेठचा फोन आला. "अहो कॉम्प्युटरवाले, चाकणच्या शेतकऱ्याचा पोरगा म्हणतो, कागद नको, पट्टी व्हॉट्सॲपवर टाका. दिवाणजी फोटो काढून पाठवतोय. तुमची रिबन फिकी, फोटोत तीनचे आठ दिसतायत, रोज भांडणं. जमत नसेल तर सांगा, तो तुमचा पोरगा कालच येऊन गेला."

त्या रात्री बसलो. रिपोर्ट प्रिंटरऐवजी फाइलमध्ये वळवणं सोपं आहे. पण जुन्या रिपोर्टात प्रिंटरला दिलेल्या आज्ञा पेरलेल्या असतात. बारीक अक्षरासाठी कॅरॅक्टर १५, पान बदलायला १२. फाइल डॉसमध्ये उघडली की १५ च्या जागी छोटासा सूर्य दिसतो आणि १२ च्या जागी स्त्रीचं चिन्ह. आधी ते सूर्य वेचून काढले. इंग्रजी रिपोर्ट मग पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर ड्रायव्हरने फाइलमध्ये छापून घोस्टस्क्रिप्टमधून पीडीएफ केले. ते दोन दिवसांत झालं.

मराठीने तीन महिने खाल्ले. मजकूर इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतांत, फोनला हवा आजचा युनिकोड. अक्षराला अक्षर जोडणारं कोष्टक मी हाताने लिहिलं. मग एका फुकट मिळालेल्या पीडीएफ लायब्ररीतून काढून पाहिलं तर ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या मागे जाऊन बसलेल्या, जोडाक्षरं सुटी. शेवटी फॉक्सप्रोकडून साधी एचटीएमएल फाइल लिहून घेतली आणि क्रोमला पडद्याआडून तिची पीडीएफ करायला लावली. क्रोममध्ये ती सोय २०१७ मध्येच आली होती, माझं नशीब. क्रोम जोडाक्षरं नीट मांडतो.

नमुना घेऊन यार्डात गेलो. शेठनी मोबाइल लांब धरून वाचला आणि म्हणाले, "हे कर्हाड कुठलं गाव?" पाहतो तर 'ह'च्या डोक्यावर रफार! इस्कीमध्ये र वेगळा आणि ऱ वेगळा, मी कोष्टकात दोन्ही एकाच र वर नेऊन टाकले होते. 'शेतकऱ्याचे नाव' हा मथळासुद्धा तसाच बिघडलेला, आणि तो मी तीन महिने रोज बघत होतो. गाळ्यावर बसूनच एक ओळ दुरुस्त केली. शेठनी चहा सांगितला. कर्हाडचं कऱ्हाड झालं.

या कामात असाल तर ऐका. फॉन्ट पीडीएफच्या आत घालून पाठवा, नाहीतर तुमच्याकडे छान दिसतं आणि समोरच्याला नुसते चौकोन. जुनी टेबलं नव्यात उघडताना कोडपेज (अक्षरांचे संकेत कोणते ते) विचारलं तर घाईने काहीतरी निवडू नका, मराठीचा चिवडा होतो. फाइलच्या नावात तारीख वर्षापासून लिहा. आणि जिस्ट कार्डचं जुनं मशीन भंगारात देऊ नका. शेठच्या मशीनसाठी तो लांब स्लॉट असलेला मदरबोर्ड मी रविवारी जुन्या बाजारात, गंजलेल्या नळांच्या ढिगाशेजारून उचललाय.

२०२० च्या टाळेबंदीत कागद हातात घ्यायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा सोडून गेलेल्यांपैकी अकरा जण परत आले. माफी कुणी मागितली नाही, मीही काढली नाही.

गेल्या वर्षी पोराचा फोन आला. त्याच्याकडे गेलेल्या एका गाळ्यावर भावाभावांची वाटणी निघाली होती, वकिलाला २००३ पासूनच्या पट्ट्या हव्या होत्या, आणि याच्या पॅकेजमध्ये जुना मराठी डेटा नुसता कचरा दिसत होता. "सर, तुमचं ते कन्व्हर्टर मिळेल का?" कन्व्हर्टर दिला नाही. पट्ट्या काढून दिल्या, ऱ सकट. बिल पाठवलं, वर १८ टक्के जीएसटी, फॉन्ट आत घातलेली पीडीएफ. निम्मे पैसे आले. उरलेल्या निम्म्यांसाठी दर सोमवारी फोन करतो. तो उचलतो, "सर, या आठवड्यात नक्की" म्हणतो.