रोप आणता येणार नाही, आधीच सांगते

इथून, नायजेरियातून, फॅमिली ग्रुपवर उडाच्या झाडाचा (याच्या सुक्या शेंगा मसाल्यात घालतात) फोटो टाकला आणि दापोलीच्या मामांनी लगेच ऑर्डर सोडली, "येताना एक रोप आण." मामा, नाही आणता येत. बी असो की रोप, लावायला म्हणून भारतात न्यायचं तर आयात परवाना हवा, शिवाय इथल्या सरकारचा रोगमुक्तीचा दाखला. २००३ पासूनचा क्वारंटाइनचा नियम आहे. पोर्तुगीजांनी काजू आणला तेव्हा कुणी दाखला मागितला नव्हता, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर, पण विमानतळावर ते चालत नाही.

"तिकडे मसाले तरी मिळतात का गं?" हा प्रश्न मात्र आता डोक्यात जातो. पोर्ट हारकोर्टच्या माईल वन मार्केटमध्ये उडा, एहुरू (जायफळासारखं बी), उझिझा (इथली मिरी) यांचे ढीग लागलेले असतात. मोजायला डेरिका, म्हणजे टोमॅटो पेस्टचा रिकामा डबा. गोडा मसाला मी अजूनही पुण्याहूनच आणते, ती गोष्ट वेगळी. तो इथे कोण देणार?

शेजारची इग्बो समाजाची मुलगी बाळंत झाली तेव्हा तिची आई ओवेरीजवळच्या गावाहून पिशव्या भरभरून आली. आपल्याकडे लेक माहेरी जाते, इथे आईच लेकीकडे मुक्काम ठोकते. त्याला ओमुग्वो म्हणतात. गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलने पोट शेकायचं, बाळाला न्हाऊमाखू घालायचं आणि वेळच्या वेळी लेकीसमोर वाफाळतं सूप ठेवायचं. आपले डिंकाचे लाडू आणि शेक-शेगडी कशालाच हार जाणार नाहीत. पण बाळंतिणीला बॅगा भरून प्रवास करावा लागत नाही, हे मला जास्त शहाणपणाचं वाटलं. (सासूबाई हे वाचतात. असू दे.)

त्या मुलीच्या आईने, म्हणजे ममांनी, सगळेच त्यांना ममा म्हणतात, उडाच्या काळ्या सुरकुतलेल्या शेंगा चिमट्यात धरून धूर येईपर्यंत आचेवर फिरवल्या. मग खलात नुसत्या ठेचल्या, पूड केली नाही. सगळा वास सालीत असतो, बिया कडवट. एहुरू भाजून, टरफल काढून कुटलं. पातेल्यात याम, म्हणजे आपल्या कोनफळाचा भाऊबंद, सुकी मासळी, सुकटीची पूड आणि भरपूर मिरची. वास मिरी-जायफळाकडे झुकणारा, पण धुरकट. मी वाटी गार व्हायची वाट बघत होते तर ममा म्हणाल्या, "गार करून प्यायचं तर मग केलं कशाला?" या सुपाने पोट साफ होतं, दूध येतं, असं इथे मानतात. पोटुशीला मात्र उडा देत नाहीत.

पुढे त्यांच्या गावी गेलो तेव्हा झाड पाहिलं. सरळसोट, पार उंच. हे झाड २०-३० मीटरपर्यंत जातं. मुद्दाम कुणी फारसं लावत नाही. शेतासाठी जमीन साफ करताना बाकीची झाडं तोडतात आणि हे राखतात. पोरं वर चढून शेंगांचे घोस उतरवतात, मग ते उन्हात नाहीतर चुलीवरच्या मचाणावर वाळतात. कूळ सीताफळाचं! जाड पाकळ्यांचं फिकट फूल पाहिल्यावर ते पटलं. बी उगवायलाच कित्येक आठवडे घेतं, त्यामुळे मामा, परवाना मिळाला तरी तुमच्या धीराचं काय?

एके काळी युरोपात काळ्या मिरीच्या जागी ही शेंग विकली जायची. शेवटी आपली मिरीच जिंकली, याचा मला उगाच अभिमान वाटतो. पण सेनेगलमध्ये अजून हिच्याशिवाय काफे तूबा, म्हणजे तिथली मसालेदार कॉफी, होत नाही.

माझ्याकडे ती मटणाच्या रश्श्यात जाते. किलोभर मटणाला दोन शेंगा, ठेचून, फडक्यात बांधून. वाढण्याआधी पुरचुंडी काढा, नाहीतर रस्सा कडू होतो. आणि त्या दिवशी गरम मसाला निम्माच घाला.